हजाराची तूट

बाजारपेठेत त्याला नावानं कुणी हाक मारत नसे. "ए पिग्मी, आज सुट्टे नाहीत", "पिग्मी, उद्या दोन दिवसांचे घे", असंच चाले. एका पतसंस्थेची दैनंदिन ठेव दुकानोदुकानी फिरून गोळा करायचं त्याचं काम. पुढे सिंडिकेट बँक म्हणून नाव झालेल्या उडुपीच्या बँकेनं 1928 साली रोजच्या दोन-दोन आण्यांवर ही पद्धत सुरू केली. तिचं ‘पिग्मी’ हे नाव आपल्याकडे इतकं रुळलं, की पैसे न्यायला येणारा माणूससुद्धा पिग्मीच झाला.

दुपारी चारला तो निघे. खांद्याला रेक्झिनची बॅग, हातात पावतीचं छोटं मशीन. खाते क्रमांक दाबायचा, रक्कम दाबायची, चिठ्ठी टर्रकन बाहेर आली की फाडून द्यायची. एखादा चहावाला रोज पन्नास रुपये देई, त्याचे वर्षाला 18,250 होत, वर थोडं व्याज. त्यात पोरीची फी भागे किंवा घरावरचे पत्रे बदलून होत. एजंटाला टक्केवारीवर कमिशन. बी.कॉम. झालेल्या तेवीस वर्षांच्या पोराला एवढ्यावर समाधान नव्हतं, आणि त्यात वाईट काहीच नव्हतं. पुढं जावंसं वाटणं हा काही रोग नव्हे.

पुस्तकं त्याला एसटी स्टँडवर भेटली. स्टँडवरच्या बुकस्टॉलवर पाककृती, राशिभविष्य आणि पोलीस भरतीची गाइडं यांच्या मधोमध ती हमखास असतात. झोपेतून जागं करणारी, श्रीमंत करणारी, मित्र मिळवून देणारी. आधी कियोसाकी झाला, मग नेपोलियन हिल, मग पहाटे पाचला उठायला लावणारे रॉबिन शर्मा. हिलचं पुस्तक 1937 सालचं, म्हणजे अमेरिकेत मंदीनं माणसं हवालदिल झाली होती तेव्हाचं. अशा पुस्तकांची भूक अशाच काळात लागते. पोटभर जेवलेल्या माणसाला ‘विचार करा आणि श्रीमंत व्हा’ असं कुणी सांगत नाही.

पिग्मीनं तिन्ही पुस्तकं महिन्याभरात संपवली आणि सगळी एकदम अमलात आणली.

घर दोन खोल्यांचं. पहाटे साडेचारला मोबाइल किंचाळायचा. तो उठेपर्यंत आई उठलेली असायची, वडील कूस बदलून भिंतीकडे तोंड करायचे. मग दिवा, थंड पाण्याची अंघोळ, ध्यान, जोर-बैठका, डायरीत पाच वर्षांची उद्दिष्टं आणि वीस पानं वाचन. आरशाच्या कोपऱ्यावर चिठ्ठी चिकटवलेली, ‘मी कोट्यधीश आहे’. ती आईनं वाचली आणि दबक्या आवाजात विचारलं, "कुणाचं देणं झालंय का रे तुला?" रात्री भरणा करून, जेवून, लेक्चरचे व्हिडिओ बघून अंग टाकेपर्यंत साडेअकरा-बारा होत. पाचाच्या आत उठणाऱ्यानं नऊ-दहाला झोपायचं असतं ही अट पुस्तकात असते, पण ती कुणी अधोरेखित करत नाही.

गिऱ्हाइकांवरही प्रयोग झाले. समोरच्याचं नाव घेऊन बोलावं, मनापासून कौतुक करावं, हे डेल कार्नेगीचं म्हणणं त्यानं कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं होतं. कार्नेगी हा मिझुरीतल्या शेतकऱ्याचा मुलगा. 1912 पासून न्यूयॉर्कमध्ये तो लोकांना भाषण करायला शिकवत होता आणि 1936 साली आलेलं त्याचं पुस्तक त्या वर्गांतूनच तयार झालं. त्यानं ‘मनापासून’ या शब्दावर जोर दिला होता. पिग्मीनं तेवढाच शब्द गाळला. सलूनवाल्याचं नाव त्यानं दोन मिनिटांत पाच वेळा घेतलं, तेव्हा वस्तरा थांबवून सलूनवाला म्हणाला, "काय रे, विमा विकायला लागलास का?"

पण खरी पंचाईत दुसऱ्याच एका सल्ल्यानं केली. नकारात्मक माणसांपासून लांब राहा, असं जवळपास प्रत्येक पुस्तकात कुठं ना कुठं असतं. पिग्मीनं आपल्या आयुष्यातल्या नकारात्मक माणसांची यादी करायला घेतली आणि पहिलं नाव लिहिलं वडिलांचं.

वडील एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांची उमेदीची सगळी वर्षं तिकिटांच्या ट्रेमधली, पंच टकटकवत गेलेली. तेव्हा प्रत्येक टप्प्याला वे-बिलावर तिकिटांचे नंबर उतरवायचे आणि रात्री डेपोत हिशेब जुळला नाही तर तूट पगारातून द्यायची. असा माणूस जगाकडे तूट शोधतच बघतो. "मशीनवर विसंबू नकोस. बॅटरी गेली तर काय करशील? खिशात कागद ठेव. आधी लिही, मग पैसे बॅगेत." रोज निघताना हेच. मुलाला वाटायचं, मी उंच उडायला निघालोय आणि हे बॅटरीचं रडगाणं गातायत. त्यानं दाराशी थांबणं बंद केलं. मग कानात इअरफोन घालूनच तो बाहेर पडायला लागला.

गावातल्या सार्वजनिक वाचनालयात तो वर्गणीदार झाला तो नव्या पुस्तकांच्या शोधात. तिथल्या ग्रंथपाल बाई म्हणजे एक प्रकरण आहे. पुस्तक देताना त्या शिक्का मारतात, परत घेताना प्रश्न विचारतात. कादंबरीबद्दल, चरित्राबद्दल नाही विचारत. पुस्तकांच्या वर्गवारीच्या ड्युई पद्धतीत 158.1 हा आकडा ज्यांच्या पाठीवर आहे, म्हणजे व्यक्तिमत्त्व सुधारण्याची पुस्तकं, तेवढ्यांबद्दलच.

"वाचलंस?"

"हो मॅडम, दोन दिवसांत."

"मग काय केलंस?"

"म्हणजे?"

"म्हणजे वाचून काय केलंस? नुसतं वाचायचं असेल तर तिकडं कादंबऱ्या आहेत, त्या बऱ्या लिहिलेल्या असतात."

पिग्मी हसला. त्याला वाटलं, याही नकारात्मकच. त्यानं पहाटेच्या उठण्याचं, आरशावरच्या चिठ्ठीचं सांगितलं. बाईंनी चष्मा वर केला.

"तुला ठाऊक आहे, या कपाटाचा मूळपुरुष कोण? सॅम्युएल स्माइल्स. स्कॉटलंडचा डॉक्टर. लीड्स गावातले काही कामगार तरुण संध्याकाळी एकत्र जमून एकमेकांना शिकवत होते, एखाद्याला गणित येत असेल तर दुसऱ्याला भूगोल. त्यांनी बोलावलं म्हणून हा तिथं भाषणं द्यायला लागला. त्याचं ‘सेल्फ हेल्प’ झालं 1859 साली. डार्विनचा ग्रंथ आला त्याच वर्षी. पहिल्या वर्षात वीस हजार प्रती गेल्या. लोकांना त्यातलं ‘सेल्फ’ तेवढं दिसलं. ती पोरं एकमेकांना शिकवत होती, हे राहिलंच."

मग त्या कपाटाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. "आपल्याकडे तर समर्थांनी आधीच करून ठेवलंय. दासबोधाचा दुसरा दशक काढ. पहिला समास मूर्खाच्या लक्षणांचा, दुसरा उत्तम लक्षणांचा. आणि दहावा कुणाचा? पढतमूर्खाचा. पुस्तक वाचून बिघडलेल्या माणसासाठी त्यांनी वेगळा समास ठेवलाय. नियमानं मी दासबोध 294 मध्ये ठेवलाय, धर्माच्या कपाटात. माझ्या मनात तो इथंच आहे."

पिग्मीनं पहाटे उठण्याचंच आणखी एक पुस्तक मागितलं. ते बाहेर गेलं होतं. बाईंनी त्याच्या हातात कार्नेगीचं दुसरं पुस्तक ठेवलं, 1948 सालचं, चिंतेवरचं. नावातच चिंता, म्हणून पिग्मीनं ते घरी नेऊन कपड्यांच्या घडीखाली ठेवलं आणि चार दिवस उघडलं नाही.

इथं मला थोडं थांबून आरशाबद्दल बोलायचंय, कारण त्या चिठ्ठीनं त्याचं जितकं नुकसान केलं तितकं थंड पाण्यानं केलं नाही. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोॲन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्वतःबद्दल मुळातच कमी विश्वास असलेल्यांना त्यांनी स्वतःविषयीचं चांगलं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. त्यांना बरं वाटण्याऐवजी आणखी वाईट वाटलं. ज्यांना आधीच विश्वास होता त्यांना किंचित फायदा झाला. कारण उघड आहे. तोंड एक म्हणतं आणि मन आतून उलट पुरावे काढून दाखवतं. जर्मनीत जन्मलेल्या मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएले ओटिंगन यांनी वजन कमी करू पाहणाऱ्या बायकांचा अभ्यास केला होता. बारीक झाल्याची गोड स्वप्नं जास्त रंगवणाऱ्यांचं वजन कमी उतरलं. त्यांचा सल्ला असा, की हवं ते डोळ्यांसमोर आणा, पण लगेच आडवं काय येईल तेही आणा. म्हणजे पिग्मीचे वडील दारात उभे राहून रोज जे सांगत होते तेच.

तूट आली ती एका बुधवारी. बाजाराचा दिवस, गर्दी दुप्पट. सहा वाजता त्यानं पेट्रोल पंपावर जाऊन पाचशेच्या सगळ्या नोटा सुट्ट्या करून घेतल्या, कारण पुढच्या दुकानांत सुट्ट्यांची बोंब असते. डोळ्यांवर झोप, कानात भाषण. सातच्या सुमारास मशीनचा पडदा काळा झाला. आदल्या रात्री ते चार्जिंगला लावायचंच राहिलं होतं. राहिली होती नऊ दुकानं. परत जाऊन कागद आणायचा, म्हणजे अर्धा तास. व्हिडिओतला माणूस नेमका त्याच वेळी सांगत होता, की स्वतःच्या स्मरणशक्तीवर विश्वास ठेवा. पिग्मीनं नऊ जणांचे पैसे घेतले, "पावती उद्या देतो" म्हणाला आणि रक्कम मनात ठेवली.

पतसंस्थेचा काउंटर तोवर बंद झालेला. उशीर झाला की भरणा दुसऱ्या दिवशी अकराच्या आत. घरी येऊन त्यानं मशीन चार्जिंगला लावलं आणि बॅग पलंगावर उपडी केली. मशीनमधली बेरीज 6,340. मोजलेली रोकड 8,690. म्हणजे नऊ जणांचे 2,350 असायला हवेत. त्यानं आठवून यादी केली. सलून दोनशे, चहा शंभर, मोबाइलवाला पाचशे, भाजीवाल्या मावशी पन्नास, पंक्चरवाला शंभर, शिंपी दीडशे, चप्पलवाला पाचशे, रसवंती अडीचशे, मेडिकल पंधराशे. बेरीज 3,350.

पुन्हा मोजली. बॅगेचं अस्तर उलटं केलं. बेरीज तीच.

साडेअकराला एक विचार आला आणि तो फार सोपा होता. मशीन आता चालू झालं होतं आणि त्या नऊ नोंदी अजून केलेल्या नव्हत्या. मावशींना चिठ्ठी वाचता येत नाही. सलूनवाला ती न बघता केसांबरोबर झाडून टाकतो. मेडिकलवाला वर्षाअखेरीला एकदाच बेरीज बघतो. याचे शंभर, त्याचे दोनशे कमी दाबले तर रोकड रुपयाला रुपया जुळली असती. उद्याच्या उद्या सगळं साफ. पुढं कमिशन आलं की हळूहळू भरून टाकू, हेही मनानं लगेच सुचवलं. अफरातफरी करणारे सगळे हेच म्हणत आलेत, की भरून टाकणार होतो. तो उठून आरशासमोर गेला. चिठ्ठी जागेवरच होती. तिच्याकडे बघून त्याला पहिल्यांदा लाज वाटली.

झोप येईना. शर्ट काढायला गेला तर घडीखालचं पुस्तक हाताला लागलं. मधूनच उघडलं तर विलिस कॅरियर नावाच्या इंजिनिअरची गोष्ट. हा वातानुकूलन यंत्रांचा आद्य पुरुष. तरुणपणी त्यानं एका काचेच्या कारखान्यात गॅस शुद्ध करायचं यंत्र बसवलं आणि ते कबूल केल्यासारखं चालेना. त्याची झोप उडाली. शेवटी त्यानं स्वतःला विचारलं, वाईटात वाईट काय होईल? कंपनीचे वीस हजार डॉलर बुडतील. बरं, बुडाले असं धरून चालू. ते मनानं मान्य केल्यावर डोकं ताळ्यावर आलं आणि आता त्यातून काय वाचवता येईल याकडे वळलं. आणखी पाच हजारांची सामग्री जोडली तर काम होईल, हे त्याच्या लक्षात आलं आणि झालंही.

पिग्मीनं उद्दिष्टांची डायरी उघडली, कोरं पान काढलं आणि लिहायला लागला. वाईटात वाईट काय? हजार रुपये खिशातून जातील. पतसंस्थेत नाव खराब होईल. मशीन काढून घेतील. मग पेन जरा अडलं आणि चौथी ओळ लिहिली गेली. बाबा म्हणतील, सांगितलं होतं.

लिहून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की हजार रुपयांपेक्षा भीती या चौथ्या ओळीचीच जास्त आहे.

दुसरी पायरी, हे मान्य आहे का? हजार रुपये मान्य. मशीन गेलं तरी मान्य, दुसरं काम बघू. चौथ्या ओळीसमोर त्यानं बऱ्याच वेळानं बरोबरची खूण केली. तिसरी पायरी, आता काय करता येईल? या घरात रोकड आणि नोंद जुळवण्यात ज्याचा जन्म गेला असा एकच माणूस होता आणि तो बाहेरच्या खोलीत झोपला होता.

झोपलाही नव्हता. दिव्याच्या उजेडानं जागाच होता. "आज कुठलं पुस्तक?" वडिलांनी विचारलं.

पिग्मीनं सगळं सांगितलं. नोंदी कमी दाबायचा विचार आला होता, तेही. वडील ‘सांगितलं होतं’ म्हणाले नाहीत. ते उठले, चष्मा लावला, कॅलेंडरचा जुना कागद मागितला आणि त्यावर तीन उभ्या रेघा मारल्या. झालं वे-बिल.

"शेवटची पावती कुणाची निघाली?"

"स्टेशनरीवाल्याची."

"तिथून चालत निघ. रक्कम सांगू नकोस. कोण कुठं बसलं होतं ते सांग, आणि नोटा कुठल्या दिल्या."

माणसाला आकडा आठवत नाही, पण हातातली नोट आठवते, हे कंडक्टरला ठाऊक असतं. बॅगेत पाचशेच्या नोटा चारच निघाल्या. सहानंतरच्याच, कारण आधीच्या सगळ्या पंपावर मोडल्या होत्या. मेडिकलवाल्यानं तीन दिल्या हे पक्कं, त्यानं त्या थुंकी लावून मोजल्या होत्या. चौथी सलूनवाल्याची, तिचे तीनशे परत दिले होते. मग मोबाइलवाल्याचे आणि चप्पलवाल्याचे पाचशे कुठल्या नोटांत आले? शंभराच्या पाच-पाच दिल्याचं काही आठवेना. वडिलांनी त्या दोन नावांभोवती गोल केला. "सकाळी आधी या दोघांकडे. आणि ‘किती दिले होते’ असं विचारायचं. ‘पाचशे दिले ना’ असं विचारायचं नाही." मग दिवा त्यांनी स्वतःच बंद केला. अलार्मही.

पिग्मी सातला उठला. कित्येक आठवड्यांनी त्याचं डोकं हलकं होतं.

मोबाइलवाला शटर वर करता करता म्हणाला, "काल कुठं दिले? उद्या दोन दिवसांचे घे म्हणालो ना मी." कानात इअरफोन होते, तेवढंच ऐकायचं राहिलं होतं. पाचशे सुटले. चप्पलवाल्यानं गल्ल्याच्या आतल्या बाजूला खडूनं लिहिलं होतं, दोनशे. बाजाराच्या दिवशी माल भरल्यानं त्याच्याकडे जास्त उरले नव्हते. आणखी तीनशे सुटले. बाकी सहा जणांचं बरोबर निघालं. राहिल्या मावशी.

मावशींच्या गाड्याच्या दांडीला कालनिर्णय टांगलेलं असतं. अक्षरओळख नसली तरी आकडे त्यांना येतात. बुधवारच्या चौकोनात पेन्सिलनं पन्नास लिहिलेले होते. त्याआधीच्या चौकोनात, त्याच्याही आधीच्या. जिथं धंदा झाला नाही तिथं फुली. त्यानं कारण सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "चुकलं तर चुकलं, विचारायला आलास ना." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "तू लई पुस्तकं वाचतोस म्हणं. झोप लागायचं काही असतंय का रे त्यात? दोन महिने झाले, डोळ्याला डोळा नाही."

अकराच्या आत भरणा झाला. दोनशे रुपयांचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही. सलूनवाल्याला सुट्टे देताना गेले असावेत असा वडिलांचा अंदाज. ते पिग्मीनं स्वतःचे घातले, आणि बॅटरीचं, पावत्यांचं खरं कारण व्यवस्थापकांना सांगून टाकलं. ओरडा बसला. मशीन राहिलं.

शनिवारी तो वाचनालयात गेला तो सगळी पुस्तकं पिशवीत घालून. "मॅडम, बस झालं. यातलं काही खरं नाही. शेवटी बाबाच बरोबर निघाले."

बाई चिडल्या. मी वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसलो होतो, तिथपर्यंत आवाज आला. "रात्री एक वाजता तुझ्या हातात कागद-पेन कुणी दिलं? बाबांनी? बाबांना उठवायची हिंमत कुठून आली? त्या चौथ्या ओळीपाशी तुला आणून कुणी सोडलं? आधी पुस्तकावर सगळा भार टाकलास, आता सगळा बाबांवर टाकतोयस. तुझ्या वडिलांना नोटा जुळवता येतात. मुलानं ऐकायचं बंद केलं तर काय करायचं, ते त्यांनाही आलं नाही. दारात उभं राहून तेच तेच सांगत राहिले. त्यांनाही यातलं एखादं पुस्तक लागेल."

मग त्यांनी मावशींबद्दल विचारलं. झोपेचं पुस्तक 613 मध्ये होतं, आरोग्याच्या कपाटात. ते काढायला पिग्मी निघाला तर बाईंनीच अडवलं. "दोन महिने झोप नाही म्हणतायत ना? मग पुस्तक मागाहून. आधी सरकारी दवाखान्यात ने." इंग्लंडमध्ये 2013 पासून वाचनालयांतून अशी पुस्तकं डॉक्टरांच्या सल्ल्यानं देण्याची योजना आहे, हे सौम्य नैराश्याला, काळजीला खरोखर उपयोगी पडतं, असं त्या सांगत होत्या. पण तिथंही पुस्तकं जाणकारांनी निवडलेली असतात आणि मागं डॉक्टर असतो. आपल्याकडे तेवढं नसलं तरी मनाच्या तक्रारींसाठी 14416 हा टेलिमानसचा फोन आहे, फुकट आहे, तो त्यांनी नोटीस बोर्डावर लावलेलाच आहे. पिग्मी मावशींना घेऊन दवाखान्यात गेला. रक्तदाब वाढलेला निघाला, गोळी सुरू झाली. झोपेचं पुस्तकही तो नंतर घेऊन गेला आणि गाड्याशी उभं राहून त्यातली दोन-तीन पानं त्यांना वाचून दाखवली. दुपारनंतर चहा नको, हे मावशींना अजिबात पटलं नाही.

आता तो काय करतो? आरशावरची चिठ्ठी गेली. पहाटेचं उठणं साडेसहावर आलं. अंघोळ गरम पाण्यानं. एकच गोष्ट त्यानं धरली आहे. पैसे हातात आले की मशीनच्या आधी खिशातल्या कागदावर आकडा. एकवीस दिवसांत सवय लागते असं त्यानं कुठंसं वाचलं होतं, पण लागली नाही. तो एकवीसचा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या 1960 सालच्या पुस्तकातून आला. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान एवढे दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं, आणि लोकांनी ‘निदान’ सोडून आकडा उचलला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांनी 96 जणांवर अभ्यास केला तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागतात असं दिसलं. कुणाला 18, कुणाला 254. आणि मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. हे पिग्मीला कुणी समजावून द्यावं लागलं नाही. मावशींच्या कॅलेंडरवर फुल्या होत्या, तरी त्यांचं खातं चालूच होतं.

बाईंनी देवघेवीच्या रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवलाय, ‘वाचून काय केलं’. बरेचजण तो रिकामा सोडतात, काही ‘छान’ लिहितात. शिवाय 158.1 चं पुस्तक नेणाऱ्याला त्या बरोबर एक चरित्र देतात, नको म्हटलं तरी. ज्यांनी काही केलं त्यांना ते करताना कोणी मदत केली आणि किती वेळा ते आपटले, हे चरित्रात असतं, सल्ल्याच्या पुस्तकात सहसा नसतं. कार्नेगीनं मात्र ते जाणलं होतं, त्याची पुस्तकं माणसांच्या गोष्टींनीच भरलेली आहेत. म्हणून इतक्या वर्षांनी ती वाचवतात, असं मला वाटतं.

तुमच्या उशाशी सध्या यातलं एखादं पुस्तक असेल, तर पुढचं घ्यायच्या आधी एवढंच करा. घरातल्या कुणाला तरी सहज विचारा, गेल्या महिन्याभरात माझ्यात काही फरक वाटतो का? उत्तर पूर्ण ऐकून घ्या. आणि ते आवडलं नाही, तरी त्या माणसाचं नाव नकारात्मकांच्या यादीत घालू नका.